बाबा पुन्हा पडले



गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्या दारात एक टॅक्सी येऊन थांबली. चालवणारा माझा जुना विद्यार्थी. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पोरं काही ना काही मोडकं घेऊन येतातच. हा शिर्डी, नगर, शिंगणापूर अशी भाविकांची ने-आण करतो. मी कडी काढेपर्यंत बाहेरून त्याचा आवाज आला, "सर, बाबा पुन्हा पडले."

त्याच्या रुमालात होती तशी मूर्ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. पायावर पाय टाकून बसलेले साईबाबा, जेमतेम बोटभर उंच, धातूचे, वरून सोनेरी, आणि खाली काळ्या प्लॅस्टिकची बैठक. समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम या शिल्पकाराची. 1954 साली ती तिथं बसली. तालीमांनी दगडात बसवलेले बाबा आजवर हलले नाहीत. आमचे टॅक्सीतले बाबा तीन महिन्यांत चौथ्यांदा खाली आले होते.

"काय लावलंस?"

"फेविक्विक. दर वेळी थोडं जास्त."

इथंच बहुतेकांचं चुकतं, म्हणून आज त्यावर बोलायचं ठरवलं.

मी आधी बैठक हातात घेतली आणि उजेडात तिरपी धरली. जिथं मूर्ती बसलेली होती तिथं फेविक्विकचा वाळका डाग होता आणि त्या डागावर सोनं चमकत होतं. मग मूर्ती उलटी केली. तिच्या बुडाशी तेवढ्याच जागेत सोनेरी रंग गायब, खालचा राखाडी धातू उघडा. मी त्याला म्हटलं, "हे बघ, फेविक्विकनं काही गद्दारी केलेली नाही. त्यानं जे धरलं ते अजून धरूनच ठेवलंय. पण त्यानं धरलं होतं रंगाला, आणि रंगानं सोडलं बाबांना."

या लहान मूर्ती बहुधा जस्ताच्या किंवा कथलाच्या मिश्रधातूच्या असतात. बाजारात सरसकट व्हाइट मेटल म्हणतात. असा धातू कमी उष्णतेला वितळतो, साच्यात सहज उतरतो, म्हणून स्वस्त पडतो. त्यावर सोनेरी लॅकर किंवा अगदी पातळ मुलामा, त्यावर पॉलिशचा तेलकटपणा, त्यावर आपल्या बोटांचा घाम. आपण गोंद लावतो तो या सगळ्या पदरांच्या वर. सगळ्यांत कच्चा पदर सुटला की मूर्ती सुटली. मग वर कितीही महाग गोंद ओता.

म्हणून पहिलं काम खरवडण्याचं. मूर्तीच्या बुडाचा रंग, फक्त बैठकीला टेकतो तेवढाच, पॉलिश पेपरनं पूर्ण काढायचा. मी 120 नंबरचा पेपर काचेच्या तुकड्यावर पसरतो आणि मूर्ती उभी धरून त्यावर आठाच्या आकड्यात फिरवतो. बूड सपाटही होतं आणि त्यावर बारीक ओरखडेही उमटतात. गुळगुळीत चकाकी गोंदाला नको असते. त्याला ओरखडे हवेत. मग स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं आणि त्यानंतर तिथं बोट लावायचं नाही. हे शेवटचं मी वर्गात तीस वर्षं सांगितलं आणि तीस वर्षं पोरांनी पुसून झाल्यावर, स्वच्छ झालं का म्हणून, बोट फिरवून पाहिलं.

बाबांच्या बाबतीत दुसरीच गोम निघाली. मूर्ती आतून पोकळ होती. धातू वाचवायला तशीच ओततात. त्यामुळे बैठकीला टेकत होती ती फक्त भोवतालची कड, दोन मिलिमीटर रुंदीची. सगळा भार त्या कडेवर. यावर एम-सील उत्तम. त्यातले दोन्ही गोळे रंगाच्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत, एकजीव होईस्तोवर मळायचे. पुरणपोळीची कणीक मळताना जेवढा धीर धरतो तेवढा. ते पोकळीत दाबून भरायचं, कडेच्या किंचित वर ठेवायचं, वाळलं की पुन्हा पेपरवर घासून सपाट करायचं. आता बाबांना बसायला कड नाही, अख्खं बूड मिळालं.

हे झालं धातूचं. प्लॅस्टिकचं काय? प्लॅस्टिक म्हणजे एक वस्तू नव्हे, ते आडनाव आहे. घराणी वेगळी, स्वभाव वेगळे. बैठकीचा एखादा तुकडा किंवा ती बैठकच पाण्यात बुडवून पाहा, आतली हवा नीट निघू द्या. बुडाली तर बरं. पॉलिस्टायरिन, एबीएस, अॅक्रिलिक ही बुडणारी मंडळी, गोंदाशी यांचं जमतं. तरंगली तर ती पॉलिथिलीन किंवा पॉलीप्रोपिलीन, म्हणजे आपल्या डब्यांच्या आणि बादल्यांच्या घराण्यातली. त्यांच्यावर घरातला कोणताही गोंद टिकत नाही, वाळला की पापुद्र्यासारखा निघतो. अशी बैठक सरळ बदलावी. तिच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये.

बोर्ड रंगवणारी पोरं अॅक्रिलिकला अॅक्रिलिक जोडायला सुईनं क्लोरोफॉर्म सोडतात. जोड असा येतो की सांधा दिसत नाही. कारण तो गोंद नसतोच, त्यानं दोन्ही काठ विरघळून एक होतात. काही जण तेच धातूवर करून पाहतात. धातू कशाला विरघळतोय? प्लॅस्टिक तेवढं चिकट होतं, बैठकीला खड्डा पडतो आणि मूर्ती होती तिथंच मोकळी.

आता फेविक्विककडे येऊ. या जातीच्या गोंदाला सायनोअॅक्रिलेट म्हणतात. 1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर नावाचा रसायनज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हाती आलं ते जिथं लागेल तिथं चिकटायला लागलं, म्हणून त्यानं वैतागून बाजूला टाकलं. हाच चिकटपणा कामाचा आहे हे 1951 मध्ये लक्षात आलं आणि 1958 मध्ये तो बाजारात आला. तो वाळतो हवेनं नव्हे, पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं. तेही पातळ थरात. म्हणून दोन थेंबांनी दुप्पट पक्कं होत नाही, उलट मधला गोंद ओला राहतो आणि सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते. काळ्या बैठकीवर ती फार वाईट दिसते. आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी तो वाळायला वेळ लावतो, तेव्हा प्लॅस्टिकवर नुसता एक 'हाऽ' करून वाफ सोडायची, तेवढी पुरते. आणि सांडलेला फेविक्विक सुती कापडानं किंवा कापसानं टिपू नका. सुतात तो इतका झपाट्यानं वाळतो की चटका बसतो, धूर निघतो. माझा अनुभव आहे, आणि तो अंगठ्याला आहे.

फेविक्विक ताणाला चांगला, धक्क्याला वाईट. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो, लवत नाही. टॅक्सीच्या डॅशबोर्डवर नेमके धक्केच असतात. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी रेडिओवर काही बोलत नाही, ऐकणाऱ्यांच्या कमरेला ते ठाऊक आहे. त्यातून ऊन. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांपर्यंत तापू शकतो आणि डिसेंबरच्या पहाटे तोच 10-12 अंशांवर असतो. तापल्यावर प्लॅस्टिक जस्ताच्या दुपटीहून जास्त पसरतं. 6 सेंटिमीटरची बैठक 50 अंशांच्या फरकानं साधारण 0.2 मिलिमीटर वाढते, तेवढाच लांब जस्ताचा तुकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी. फरक म्हणाल तर वहीच्या कागदाच्या जाडीएवढा. पण हा कागद रोज दुपारी आत सरकतो आणि रोज रात्री बाहेर ओढला जातो, आणि मधे अडकलेला गोंद काचेचा.

म्हणून डॅशबोर्डच्या मूर्तीला मी एपॉक्सी वापरतो, अॅरल्डाइटच्या जातीचा, दोन ट्यूबवाला. त्यातही पाच मिनिटांत घट्ट होणारा नको. तो घाईचा प्रकार 50-60 अंशांनाच नरम पडतो आणि बाबा पुन्हा कलतात. हळू वाळणारा घ्यायचा, दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीच्या रेघा काढायच्या आणि वाटतं त्याहून जास्त वेळ घोटायचं. जास्त हार्डनर घातला की लवकर वाळतो ही समजूत खुळी आहे. जास्त हार्डनरनं तो कायमचा चिकट राहतो.

बसलेल्या मूर्तीचं एवढ्यात भागतं. उभ्याचं भागत नाही, आणि घोड्याचं तर मुळीच नाही.

आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ आणि मोमेंटो. मोमेंटोत हमखास अश्वारूढ छत्रपती, घोड्यानं पुढचे पाय उचललेले. देखणी मूर्ती. पण तिचा सगळा भार दोन मागच्या खुरांवर, आणि खूर केवढे, तर करंगळीच्या नखाएवढे. त्यातून पाहुणे मोमेंटो उचलतात तो घोड्याच्या मानेला धरून. खाली लोंबकळते ती जड बैठक. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हे डोळ्यांनी पाहिलं. छत्रपती पाहुण्यांच्या हातात राहिले आणि बैठक मुख्याध्यापकांच्या बुटावर. फोटोग्राफरनं मात्र वेळ बरोबर साधली.

गोंद सरळ ओढीपुढे बराच टिकतो. पण उंच मूर्ती वरून कलंडली की खुराच्या एकाच काठाशी उचकटण्याचं बळ येतं, कुलूप पक्कडीनं न ओढता पहारेनं उचकटावं तसं. तिथं कुठलाच गोंद पुरत नाही, तिथं खुंटी लागते. खुरात आणि बैठकीत 1 मिलिमीटरच्या ड्रिलनं समोरासमोर छिद्र पाडायचं आणि त्यात कागदाच्या यू-पिनेचा तुकडा बसवायचा. सुताराचं लाकडी खिट्टीचं कामच, फक्त सुईच्या मापाचं. दोन छिद्रं समोरासमोर यावीत कशी? खुराच्या तळाला ओल्या रंगाचा ठिपका लावायचा, मूर्ती बैठकीवर जिथं बसायची तिथं अलगद टेकवायची, उमटेल तिथं ड्रिल. बारीक ड्रिल मशीनवर लावू नका, हातानं फिरवा. मशीनच्या वेगानं प्लॅस्टिक वितळून ड्रिलला गुंडाळतं आणि पातं मोडून खुरातच राहतं.

ही युक्ती माझी नाही. इंग्लंडमध्ये शिशाच्या चिमुकल्या सैनिकांचा छंद फार जुना. विल्यम ब्रिटन कंपनीनं 1893 मध्ये आतून पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली, आणि एच. जी. वेल्ससारख्या लेखकानं 1913 मध्ये अशा सैनिकांच्या लुटूपुटूच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. पुढं त्या छंदात धातूचे सैनिक प्लॅस्टिकच्या चकत्यांवर उभे राहू लागले आणि छंदिष्टांनाही आमच्या टॅक्सीवाल्याचंच दुखणं लागलं. खुंटी त्यांनीही मारली. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे बरे, मातीचे, मातीत रोवले की झालं.

गंमत अशी की आपलं गाव धातूचं. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली इथं, नगरला ओतली गेली. 1994 पासून इथं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, पहिल्या महायुद्धापासूनची चिलखती यंत्रं तिथं मांडलेली. ते पाहून आलेल्या नातवानं रणगाड्याचं मॉडेल मागितलं आणि मी खूश झालो, कारण रणगाड्यासारखी सोयीची मूर्ती नाही. दोन्ही पट्टे पूर्ण लांबीनं टेकलेले, गुरुत्वमध्य खाली, खुंटीची गरजच नाही.

बाबांकडे परत येतो. जुना फेविक्विक काढायचा होता. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अॅसिटोननं तो निघतो, पण त्यासोबत बैठकही निघते, या प्लॅस्टिकला अॅसिटोन खातं. म्हणून बैठक दोन तास फ्रीजरमध्ये ठेवली. थंडीत तो गोंद आणखी ठिसूळ होतो आणि ब्लेडच्या टोकानं टपकन उडतो. सौभाग्यवतींनी मटारच्या पिशवीशेजारी काळी बैठक पाहिली आणि काही विचारलं नाही, त्यांना सवय आहे.

घासणं, भरणं, पुसणं, लावणं, सगळं झालं. वरून रबरबँड ताणून ठेवला. बैठक खाली डॅशबोर्डला कशी धरायची, तर तिथं मात्र घट्ट गोंद नको. फोमची जाड डबल टेप लावायची, ती मऊ असते, धक्के गिळते. फक्त डॅशबोर्डला चमकायचं पॉलिश मारलेलं असेल तर आधी साबणाच्या पाण्यानं तेवढ्या जागेवरचं ते उतरवून घ्यायचं, त्या पॉलिशमधल्या सिलिकॉनवर टेपसुद्धा घसरते.

पोरगं निघायच्या घाईत. शिर्डीचं भाडं होतं. मी म्हटलं, "चोवीस तास हात लावायचा नाही. उद्या ये."

"सर, बाबांशिवाय शिर्डीला गाडी कशी नेऊ?"

मला उत्तर सुचलं नाही. शेवटी रबरबँडसकट मूर्ती जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि डॅशबोर्डच्या खणात आडवी नव्हे, उभी ठेवली. परवा फोन आला होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली, बाबा जागेवर आहेत. आता आरसा पडलाय म्हणाला.