आधी स्लाइड, मग मलम



सोलापुरात डॉक्टरांची सभा भरली की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतल्याशिवाय अध्यक्षाला बोलायला सुरुवात करता येत नाही. ते आदराने घेतो आणि पुढे जातो, कारण माझा आजचा विषय वीरश्रीचा नाही. तो नायट्याचा आहे.

नायटा, शिबं, चिखल्या. ज्या आजाराने माणूस मरत नाही त्याला आपल्या व्यवसायात मान नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना जिवाणू झाले, विषाणू झाले, परोपजीवी झाले की उरलेल्या तासांत बुरशी उरकायची, ही आपली जुनी रीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरश्यांची अग्रक्रम यादी पहिल्यांदाच काढली. तिच्यात १९ नावं आहेत आणि सर्वांत वरच्या गटात चार: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कँडिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस, कँडिडा अल्बिकन्स. नायट्याच्या बुरशीला या यादीत जागा नाही. यादी शरीरात खोल शिरणाऱ्या, जीव घेणाऱ्या बुरश्यांची असल्यामुळे ते बरोबरच आहे. पण औषधाला दाद न देणारी बुरशी माणूस स्वतःच्या हाताने कशी घडवतो, हे बघायचं असेल तर अतिदक्षता विभागात जायची गरज नाही. कुठल्याही सोमवारी त्वचेच्या ओपीडीत उभं राहावं.

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास सांगतो. अंगावर, जांघेत, कमरेला उठणारा नायटा टर्बिनाफिनच्या साध्या कोर्सने जायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत तो जाईनासा झाला. २०१८ साली दिल्लीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास एकतृतीयांश टर्बिनाफिनला जुमानत नव्हते. ज्या स्क्वालिन इपॉक्सिडेज या विकरावर औषध बसतं, त्याच्याच जनुकात बदल झालेला होता. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांपासून मिळालेल्या या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने न्यू यॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतली एक रुग्ण अलीकडच्या काळात देशाबाहेर गेलेलीच नव्हती.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. टर्बिनाफिन कुठल्याही पिकावर फवारत नाहीत. त्यामुळे नायट्याच्या बाबतीत शेतकऱ्याकडे बोट दाखवायची सोय आपल्याला नाही. हा प्रतिकार माणसांच्या औषधांतूनच आलेला आहे.

तो कसा येतो? सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये काम करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात बाहेर पारा ४४ अंशांच्या आसपास, आत हवा कोंडलेली, पँट घामाने भिजलेली. जांघेत खाज सुटते. ओपीडीला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो कोपऱ्यावरच्या मेडिकलवर जातो आणि ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जिवाणूंचं असतं, आणि क्लोबेटासोलसारखं जबरदस्त स्टेरॉइडही असतं. दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते. ही करामत स्टेरॉइडची. बुरशी मेलेली नसते, फक्त तिच्याविरुद्ध चाललेली त्वचेची झुंज थांबलेली असते. तो ट्यूब लावायचं बंद करतो, नायटा उसळून येतो, तो पुन्हा ट्यूब आणतो. सहा महिन्यांनी आपल्यासमोर येतो तेव्हा गोल रिंगण मोडलेलं असतं, जांघेतल्या कातडीवर पांढरे पट्टे उमटलेले असतात, आणि बायको-मुलांनाही चट्टे उठलेले असतात. या शहराचे टॉवेल जगभर जातात, पण ते विणणाऱ्याच्या घरात मात्र बहुतेकदा पाच माणसांना एक टॉवेल असतो.

जनुकातला बदल मलमामुळे होत नाही. तो लाखो पेशींत कधीतरी आपोआप होतो आणि मलम फक्त त्याची निवड करतं. प्रतिकारी बुरशी वरचढ व्हायला भरपूर बुरशी आणि अपुरं औषध, एवढंच लागतं. मिश्र ट्यूब या दोन्ही गोष्टी एकाच झाकणाखाली पुरवते.

रुग्ण अडाणी म्हणून हे घडतं, हे आपलं आवडतं उत्तर मला पटत नाही. मजुरी वाचवणारा माणूस अडाणी नसतो, हिशेबी असतो. शिवाय ही ट्यूब त्याला पहिल्यांदा कळते कुठून? अनेकदा चिठ्ठीवरूनच. ती चिठ्ठी कोणत्या पॅथीच्या डॉक्टरने लिहिली, यावर आपण तासभर भांडू शकतो आणि भांडतोही. मला त्यात रस नाही. सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत, घातली आणि सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली. इंडियन असोसिएशन ऑफ डर्मेटॉलॉजिस्ट्सचा स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्धचा कृतिगट त्याआधीपासून ओरडत होता. तरीही ट्यूब मिळते. घटक थोडे बदलून नवं मिश्रण येतं, कारण मागणी मिश्रणालाच आहे.

ही मागणी का आहे, हे समजून घ्यायला मी तुम्हाला सांगोल्याला नेतो. डाळिंबावर तेल्या पडला की बागायतदाराची झोप उडते. तेल्या जिवाणूंचा रोग आहे, झँथोमोनासचा. मर रोग मुख्यतः बुरशीचा. फळावर डाग दिसला की तो कशाचा आहे हे तपासायला वेळ नसतो, कारण हातचा बहार जाण्याची भीती असते. मग कृषी सेवा केंद्रातून ताम्रयुक्त औषध येतं, स्ट्रेप्टोसायक्लिन येतं, एखादं बुरशीनाशक येतं, जोडीला कीटकनाशक, आणि सगळं एकाच टाकीत. ही टाकी आणि ती ट्यूब मला एकाच घरातल्या वाटतात. दोन्हीकडे निदान झालेलं नाही, आणि जे झालेलं नाही त्याची भरपाई मिश्रणाने केलेली आहे. काहीतरी एक लागू पडेल, हा त्यामागचा विचार. तो मूर्खपणाचा नाही. तपासणी हाताशी नसेल तर कुणीही तसंच वागेल. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: बुरशीचा प्रतिकार हा आधी निदानाच्या अभावाचा प्रश्न आहे आणि नंतर औषधाचा.

या स्ट्रेप्टोसायक्लिनवरून पिंपरी आठवते. हे औषध बनवणारा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना तिथे १९५४ साली उभा राहिला. तिथे डॉ. एम. जे. थिरुमलाचार नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ काम करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध १९६१ च्या सुमारास मिळवलं. पिकांसाठीचं ऑरिओफंगिनही याच प्रयोगशाळेचं. माणसाची बुरशी आणि पिकाची बुरशी एकाच छपराखाली अभ्यासण्याची पद्धत महाराष्ट्रात साठ वर्षांपूर्वी होती. आज ‘वन हेल्थ’ म्हणून आपण तिचेच परिसंवाद भरवतो.

शेतकऱ्याला नायट्यातून मी मोकळं केलं. अ‍ॅस्परजिलसमधून मात्र इतक्या सहज करता येणार नाही. द्राक्षावरच्या भुरीसाठी हेक्झाकोनाझोल, डायफेनोकोनाझोल, टेट्राकोनाझोल ही औषधं फवारली जातात. फुफ्फुसातल्या अ‍ॅस्परजिलससाठी आपण व्होरिकोनाझोल देतो. कूळ एकच, मारा एकाच विकरावर. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस राहतो कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात, खताच्या ढिगात, मातीत. तिथे फवारणीचा अंश पोचतो आणि प्रतिकारी बुरशी माणसाला भेटण्याआधीच तयार होते. नेदरलँड्समध्ये हे आधी लक्षात आलं. रुग्णाने आयुष्यात एकही अ‍ॅझोल घेतलेलं नसताना त्याच्यात टीआर-३४/एल-९८-एच हा बदल असलेली बुरशी सापडत होती. २०१२ साली अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच बदल भारतातल्या पर्यावरणातून घेतलेल्या नमुन्यांत दाखवला.

आणि आपला जिल्हा? कासेगाव, नान्नज, बार्शी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की इथे फवारणीला खंड नसतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक बागेची ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीवर नोंद असते आणि मण्यांत औषधाचा अंश किती उरला याची तपासणी होते. खाणाऱ्या युरोपियनासाठी हे योग्यच आहे. पण त्याच बागेतल्या मातीत कुठली बुरशी उरली, हेही कुणी नेमाने मोजायला हवं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरात आहे, विद्यापीठही केगावलाच. तिन्ही संस्थांमधलं अंतर रिक्षाने जाण्याइतकं आहे. मातीचे नमुने डाळिंब केंद्राने आणि विद्यापीठाने घ्यायचे, संवेदनक्षमता आपण तपासायची. एम.डी.च्या प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी हा घ्यावा. निष्कर्ष आधी ठरवू नका. कदाचित आपल्या उन्हाने भाजलेल्या काळ्या जमिनीत काहीच सापडणार नाही, आणि तेही छापण्याजोगं असेल.

डोळ्याचा विषय नेत्रतज्ज्ञ उद्या मांडतीलच, मी दोनच वाक्यं बोलतो. ऊसतोडीत पात्याने बुबुळ खरचटलं की मेडिकलवरून आणलेले स्टेरॉइडमिश्रित थेंब घालू देऊ नका. ती जखम बुरशीची असेल तर डोळ्यात फूल पडण्यावर भागत नाही, डोळाच जातो.

२०२१ चा कोविडचा उन्हाळा या सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिला आहे, म्हणून म्युकरमायकोसिसवर थोडंच बोलतो. देशात चाळीस हजारांवर रुग्ण, आणि महाराष्ट्र सर्वांत पुढच्या राज्यांत. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा मारा, असं ते कारण होतं. अँफोटेरिसिनच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसला घाईघाईने उत्पादनाची परवानगी मिळाली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा जाणवलं की बुरशीविरुद्ध आपल्या भात्यात बाण किती थोडे आहेत. जिवाणूंसाठी औषधांची कुळंच्या कुळं आहेत. खोलवरच्या बुरशीसाठी पॉलिईन, अ‍ॅझोल, इकायनोकँडिन आणि फ्लुसायटोसिन, की यादी संपली. बुरशीची पेशी आपल्या पेशीची जवळची नातलग आहे. तिला मारणारं औषध आपल्यालाही जाचतं, म्हणून नवं औषध सहजी सापडत नाही. असलेलं एक कूळ हातचं गेलं तर बदली खेळाडू नाही.

मग करायचं काय? माझ्या मनात यंत्रसामग्रीची मोठी योजना नाही. रिंगणाच्या कडेवरून बोथट पात्याने खरवडायचं, स्लाइडवर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि बघायचं. स्टेरॉइड लावलेल्या नायट्यात तर तंतूंचं जाळंच दिसतं. सूक्ष्मदर्शक कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांना सांगतो: क्षयाच्या थुंकीसाठी तो ग्रामीण रुग्णालयांत आहे आणि बघणारा तंत्रज्ञही आहे. एकच बाटली आणि ब्लेडचं पाकीट वाढेल. ओपीडीत शंभर रुग्ण असताना पंधरा मिनिटं कोण देणार? केसपेपरच्या रांगेत रुग्ण त्याहून जास्त वेळ उभा असतोच. स्लाइड त्या वेळात तयार होते.

स्लाइडने जात कळत नाही, प्रतिकारही कळत नाही. त्यासाठी सॅबोरो आगरवर वाढवणं, चार आठवडे धीर धरणं आणि शेवटी जनुकाचं वाचन लागतं, कारण इंडोटिनी तिच्या भावंडांपासून नुसत्या रूपावरून ओळखता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ते होणार नाही आणि तशी गरजही नाही. औषधाला दाद न दिलेल्या रुग्णांचा नमुना महाविद्यालयात यावा, एवढी साखळी बसली तरी या जिल्ह्याचा स्वतःचा आकडा तयार होईल. आज आपण दिल्लीचा आकडा वाचून सोलापूरच्या रुग्णाला औषध देतो.

पंढरपूरच्या मित्रांना एक विनंती. आषाढीला पावसात भिजलेल्या दिंड्यांमध्ये चिखल्या आणि नायटा असतोच, आणि आरोग्य शिबिरात मलम मागितलं जातं. तुमच्या पेटीत मिश्र ट्यूब ठेवू नका. साधं क्लोट्रिमाझोल ठेवा. वारकरी गावी पोचल्यावर तिथल्या मेडिकलवर तेच नाव सांगेल.

दुपारच्या ठरावाचा मसुदा मी पाहिला. त्यात जनजागृतीचे तीन परिच्छेद आहेत. त्यांतले दोन काढून त्या जागी नोंदवही घालावी, अशी माझी सूचना आहे. रकाने मोजके असावेत: स्लाइडवर बुरशी दिसली का, याआधी कोणती ट्यूब किती दिवस लावली, ती कुणी सुचवली, काम काय आणि कुठे, घरात आणखी किती जणांना. ‘कुणी सुचवली’ या रकान्यावर काल कार्यकारिणीत कुरकुर झाली. तो रकाना ठेवावा असं मी अध्यक्ष म्हणून सुचवतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो चर्चेत नाव देऊन मांडावा. नोंदवहीचा नमुना चहाच्या टेबलाजवळ ठेवला आहे. दुरुस्त्या अडीच वाजेपर्यंत चिटणिसांकडे द्याव्यात.