आपल्याच कडब्याची लस्सी
(पारोळा येथील बैठकीतील भाषण)



आज बैठकीत चहाऐवजी लस्सी वाटली. आपल्याच भागातल्या एका लहान डेअरीचा हा माल. साधी, आंब्याची आणि गुलाबाची, अशा तिन्ही आम्ही तुमच्याबरोबर पिऊन पाहिल्या. दाट आहे, आंबटपणा बेताचा आहे. आंब्याची पोरांनी संपवली, म्हातारी माणसे साधीवर खूश झाली. एक आजी म्हणाल्या, ‘हाई ते आपलंच दही शे, साखर टाकेल!’

आजींनी अर्थशास्त्रच सांगितले. लिटरभर दुधाचे लिटरभर दही होते. त्यात पाव लिटर साखरपाणी घातले की 200 मिलीचे सहा पेले भरतात. आता घरी जाऊन सहा पेल्यांची किंमत मांडा आणि शेजारी आपल्या लिटरभर दुधाचा भाव लिहा.

हे दूध आले कुठून? ज्वारीच्या कडब्यातून आणि सरकीच्या ढेपेतून. क्विंटलभर कापसातून 33-35 किलो रुई निघते, बाकी जवळपास सारी सरकी. ती आपण कापसाबरोबर देऊन टाकतो आणि तिचीच ढेप रोख पैसे मोजून परत आणतो. ज्वारीला भाव नाही म्हणून पेरा घटला, तसा कडबाही महागला. दुधाचा भाव ठरताना मात्र फक्त फॅट आणि एसएनएफ बघतात. कडबा-ढेपेचा खर्च कोणी विचारत नाही. 2024 च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यायची पाळी सरकारवर आली. धंदा परवडत असता तर ही वेळ आली असती का?

डेअरीवाल्याला आम्ही चोर म्हणत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43 अंशांवर जातो आणि लस्सी टिकवायला ती 5 अंशांच्या आत ठेवावी लागते. वीज, फ्रीज, पाकीट, गाडी, उरलेला माल, सगळे त्याच्या अंगावर. त्यात 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद दही, ताक, लस्सीवर 5 टक्के जीएसटी बसला. पण हा सगळा खर्च वजा करूनही जे उरते, त्यात दूध काढणाऱ्याचा वाटा किती, एवढे विचारायचा हक्क आपला आहे.

म्हणून दोन कामे करा. एक, ढेप, चारा, मजुरी आणि औषधपाणी यांचा महिन्याचा हिशेब वहीत लिहा. मायबहिणींनो, शेण काढण्यापासून धार काढण्यापर्यंतची तुमची मजुरी त्यात पहिली धरा. दोन, दहा घरांनी मिळून एक दिवसाचे दूध न घालता त्याचे दही लावा, रीतसर नोंदणी करून बाजारात लस्सी विकून बघा. तोटा आला तर तोही लिहा.

पुढच्या बैठकीला लस्सी तुमची असेल आणि वहीही तुमची. मग भावाचे बोलू.