यवन म्हणजे कोण?



मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. इतिहासाच्या तासाला गुरुजी धडा वाचून दाखवत होते. वाचता वाचता ‘यवन’ हा शब्द आला आणि वर्गातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गुरुजींच्या मनात काही नव्हतं, ते पुढे वाचत गेले. मी मात्र तास संपेपर्यंत मान खाली घालून बसलो. घरी आलो. अब्बा दाराशी कापूस पिंजत होते. आमचा धंदाच पिंजाऱ्याचा. मी विचारलं, ‘‘अब्बा, यवन म्हंजे कोण?’’ ते म्हणाले, ‘‘मला ठावं न्हाई बेटा. तू शाळंत जातोस, तूच हुडक आन मला सांग.’’

उत्तर हुडकायला पाच-सहा वर्षं गेली. बी.ए.ला मी तत्त्वज्ञान हा विषय घेतला. वर्गात आम्ही चौघेच. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर एजियन समुद्राचा नकाशा काढला आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर खडूनं एक रेघ ओढली. हा किनारा आज तुर्कस्तानात आहे. तिथल्या ग्रीक वसाहतींच्या पट्ट्याचं नाव आयोनिया. या आयोनियाच्या लोकांना प्राचीन इराणी लोक ‘यउना’ म्हणत. आपल्याकडे संस्कृतात त्याचं ‘यवन’ झालं. म्हणजे यवन हे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणाही परक्याला ते नाव लागत गेलं आणि शेवटी एका सातवीतल्या पोराच्या डोक्यावर येऊन बसलं.

सर पुढे म्हणाले, ‘‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान जन्मलं ते याच किनाऱ्यावर.’’ मी सावरून बसलो.

या आयोनियात मिलेटस नावाचं मोठं बंदर होतं. तिथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात थेलीस नावाचा माणूस होऊन गेला. इ. स. पू. ५८५चं सूर्यग्रहण त्यानं आधीच वर्तवलं, असं हिरोडोटस सांगतो. आजच्या अभ्यासकांना त्याबद्दल शंका आहे. थेलीसची खरी कीर्ती त्याच्या एका प्रश्नामुळे आहे: हे सगळं जग मुळात कशाचं झालं आहे? त्याचं उत्तर होतं, पाण्याचं. हे उत्तर आज शाळेतलं मूलही खोडून काढील. पण ते खोडता येतं, यातच त्याचं मोठेपण आहे. देवाच्या कोपानं भूकंप झाला असं कोणी म्हटलं, की वाद खुंटतो. पृथ्वी पाण्यावर तरंगते म्हणून हादरते, असं थेलीस म्हणाला, की त्यावर बोलता येतं, हरकत घेता येते.

आणि ती हरकत त्याच्याच गावच्या अनॅक्झिमँडरनं घेतली. परंपरा त्याला थेलीसचा शिष्य मानते. तो म्हणाला, मूळ तत्त्व पाणी असेल तर आग कुठून आली? मूळ तत्त्व असं कुठलंच एक द्रव्य नसणार. ते अमर्याद, अनिश्चित असणार. पृथ्वीला तर कशाचाच आधार नाही, ती सगळीकडून सारख्याच अंतरावर असल्यामुळे अधांतरी स्थिर आहे. गुरूचं म्हणणं खोडून काढायचं आणि तरी त्याच्याच रांगेत उभं राहायचं, ही रीत तिथून सुरू झाली.

तिसरा अनॅक्झिमेनीस. त्याच्या मते मूळ तत्त्व हवा. हवा विरळ झाली की आग होते. दाटत गेली की वारा, ढग, पाणी, माती आणि दगड. हवेचा ढग कसा होतो हे सांगताना लोकर दाबून नमदा करतात तो दृष्टांत या मताशी जोडला गेला आहे. सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे मी अब्बांना सांगितलं. ते हातातला कापूस मुठीत दाबून आणि सोडून बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘आरं, मग त्यो बी पिंजारीच की!’’ बी.ए.च्या तीन वर्षांत याहून चांगलं भाष्य मी ऐकलं नाही.

तत्त्वज्ञानाच्या ज्या शाखा आज शिकवतात, त्यांची मुळं याच लोकांच्या भांडणांत सापडतात. जग मुळात काय आहे, हा थेलीसचा प्रश्न सत्ताशास्त्राचा. एफिससचा हेराक्लायटस म्हणाला, सगळं सतत बदलतं. दक्षिण इटलीतला पार्मेनिडीस म्हणाला, जे आहे ते बदलूच शकत नाही. पार्मेनिडीसनं आपलं तत्त्वज्ञान कवितेत लिहिलं, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. त्याचा शिष्य झेनो यानं, गती असंभव आहे, असं दाखवणारे युक्तिवाद रचले. युक्तिवाद कुठे पक्का आणि कुठे फसवा, हे पाहणारं तर्कशास्त्र पुढे ॲरिस्टॉटलनं शिस्तीत बांधलं.

झेनोफेनीस हाही आयोनियाचा आणि हाही कवी. तो म्हणे, इथिओपियाच्या लोकांचे देव काळे आणि बसक्या नाकाचे, थ्रेसच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपापल्यासारखेच देव काढले असते. देव नाही, असं तो म्हणत नव्हता. देव एकच आणि तो माणसासारखा नाही, असं त्याचं मत होतं. पण आपल्या माहितीत आपलाच चेहरा किती मिसळलेला असतो, हा त्याचा प्रश्न ज्ञानशास्त्राचा. ज्याच्याकडे वर्गानं वळून पाहिलं आहे, त्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही.

मग अथेन्सचा सॉक्रेटिस. त्यानं जगाचं मूळ शोधणं बाजूला ठेवलं आणि विचारलं, माणसानं जगावं कसं? हे नीतिशास्त्र. शहराचे देव मानत नाही, नवे देव आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. इ. स. पू. ३९९मध्ये, सत्तरीच्या वयात, त्याला विषाचा पेला घ्यावा लागला.

त्याचा शिष्य प्लेटो. त्याच्यावर माझा कवी म्हणून राग आहे. आदर्श राज्यातून त्यानं आमच्यासारख्यांना बाहेर काढलं. कवी नकलेची नक्कल करतो आणि भावना भडकवतो, ही त्याची तक्रार. तरुणपणी त्यानं स्वतःच्या कविता जाळल्या, अशी आख्यायिका आहे, म्हणजे दुखणं घरचंच असावं! ॲरिस्टॉटलनं ‘काव्यशास्त्र’ लिहून आमची बाजू घेतली. सौंदर्यशास्त्राची एक मोठी वाट तिथून निघते.

स्टोइक पंथाचे लोक तत्त्वज्ञानाला शेताची उपमा देत. तर्कशास्त्र हे कुंपण, निसर्गाचा विचार ही जमीन आणि नीती हे पीक. कुंपण महत्त्वाचं खरं, पण शेती पिकासाठी करायची.

हे सारं आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनं आलं? एक वाट बगदादवरून जाते. तिथे नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणले. फिलॉसॉफीचा फलसफा झाला, सॉक्रेटिसचा सुकरात, ॲरिस्टॉटलचा अरस्तू. कोर्दोबाच्या इब्न रुश्दनं ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिली. उतारवयात त्याला हद्दपार व्हावं लागलं, त्याचे ग्रंथ जाळले गेले. पण लॅटिन भाषांतरांतून ती भाष्यं युरोपच्या विद्यापीठांत शिकवली गेली. प्रश्न विचारणाऱ्याला त्रास अथेन्सनंही दिला आणि कोर्दोबानंही.

आणि प्लेटोचा झाला अफलातून. फलंदाजानं झकास फटका मारला की आपण ‘अफलातून!’ म्हणून ओरडतो, तेव्हा नाव प्लेटोचं घेत असतो. खोकला झाला की अम्मी जोशांदा द्यायची, ते औषध युनानी. युनान म्हणजेही आयोनियाच. एकच शब्द दोन वाटांनी आमच्या गावात आला. एका वाटेनं औषध झाला, दुसऱ्या वाटेनं टोमणा.

लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात काही खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहेत. धेनुकाकट या गावच्या यवनांनी ते खांब दान दिले, असं त्यांत नोंदलं आहे. देणाऱ्यांची नावं मात्र इथल्याच वळणाची. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यवन म्हणवणारी माणसं इथे राहत होती, इथल्या भाषेत आपलं दान कोरून ठेवत होती. त्या खांबापुढे उभं राहिल्यावर मला माझ्या मराठी कवितेचा कुणाला खुलासा द्यावा असं वाटेनासं झालं.

हे सगळं अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘मास्तरांना सांगितलंस का?’’ मी नव्हतं सांगितलं. धीर झाला नव्हता. नंतर गुरुजी निवृत्त होऊन आपल्या गावी गेले आणि ते राहूनच गेलं. सॉक्रेटिसनं भर चौकात विचारलं असतं. मला मात्र त्यासाठी आज हा मायक्रोफोन लागला. गुरुजी, कुठे असाल तिथे ऐकत असाल तर, यवन म्हणजे कोण ते मला सापडलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)