फड, फोन आणि उपासना

बीड जिल्ह्यात चर्चचे पंचांग आणि ऊसतोडीचा हंगाम एकमेकांच्या आड येतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार, उपवासकाळ हे सगळे याच महिन्यांत पडते. ईस्टरचे मात्र सांगता येत नाही. 2024 मध्ये तो 31 मार्चला आला, 2025 मध्ये 20 एप्रिलला. कारखान्याचा पट्टा आधी पडतो, म्हणजे हंगाम आधी संपतो, की सण आधी येतो, यावर पुनरुत्थानाचा रविवार गावच्या चर्चमध्ये होणार की फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, हे ठरते.

जिल्ह्याच्या 25.85 लाख लोकसंख्येत (2011) ख्रिस्ती फारच थोडे. पण ज्या ख्रिस्ती घरात ऊसतोडीचा कोयता आहे, त्या घराची डिजिटल उपासना अगदी लहान असते. चूल विझल्यावर मेढीला टेकवलेला फोन, त्यावर गावच्या पाळकांनी पाठवलेला आवाजी संदेश, आणि चार्जिंग संपायच्या आत उरकलेली प्रार्थना. पहाटे अंधारात उसाचा फड गाठायचा असतो. संदेश पाच मिनिटांचा असला तर ऐकला जातो, दहा मिनिटांचा झाला तर ऐकणारा मध्येच झोपतो.

पारंपरिक ख्रिस्ती श्रद्धा वचन, मंडळी आणि संस्कार यांवर उभी आहे. संस्कार किती, याबद्दल कॅथलिक सात म्हणतात आणि बहुतेक प्रॉटेस्टंट दोन, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोघांकडेही आहेत. फोनमधून वचन झपाट्याने जाते, मंडळी अर्धीमुर्धी जाते आणि संस्कार जातच नाही. आजची बहुतेक ओढाताण या फरकातून येते.

वचनाचे वाहन बदलणे मराठीला नवे नाही. याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. ती पासोडी आजही मराठी वाङ्मयातले नवल मानली जाते. दासोपंत 1615 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, 1616 मध्ये, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. एकाने कापड वापरले, दुसऱ्याने छापखाना. ओवी मात्र दोघांचीही. स्टीफन्स यांच्या हाताशी देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून अस्सल मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. आज देवनागरी कळफलक प्रत्येक फोनमध्ये असूनही मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर तरुण मुले मराठी प्रार्थना रोमन अक्षरांतच लिहितात. त्यांच्याकडे स्टीफन्ससारखी सबब नाही.

पुढे बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी 1811 मध्ये मराठी नवा करार छापला, आणि 1842 मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीच्या हिमतीने संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्या 1922 मध्ये वारल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’च्या नव्या कराराला 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. बीडच्या शेजारी, उस्मानाबादला, जानेवारी 2020 मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. लेखक धर्मगुरू आहे एवढ्यावरून त्या निवडीला विरोध झाला, आणि दिब्रिटोंनी तरीही अध्यक्षपद भूषवले.

या सगळ्या कामामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. फोनवर येणाऱ्या वचनामागे बहुधा पाच सेकंद असतात. सूर्योदयाचे चित्र, त्यावर एक ओळ, आणि खाली अध्याय-ओवीचा पत्ता नाही. फिलिप्पैकरांस पत्रातले 4:13 हे वचन असे फार फिरते, परीक्षेच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत तर विशेषच. त्याच्या आधीच्याच ओळींत पौल पोटभर असण्याविषयी आणि उपाशी राहण्याविषयी बोलतो, आणि हे तो कैदेतून लिहितो. त्या ओळी कापल्या की हंगामाची आगाऊ उचल फेडणाऱ्या माणसाला धीर देणारे वचन यशाची घोषणा होऊन बसते. उपदेशाच्या चित्रफितींचे आणखी बिकट. आजार बरा झाल्याची ग्वाही वर आणि देणगीचा क्यूआर कोड खाली. गावचा पाळक चुकला तर मंडळी त्याला रविवारी दारात गाठू शकते. चित्रफितीतल्या माणसाला कोण गाठणार?

म्हणून मराठी ख्रिस्ती लेखकांपुढे ठेवण्याजोगे काम साधे आहे: फोनवर वाचता येतील, मोठ्याने वाचली तर पाच मिनिटांत संपतील आणि मागची-पुढची ओवी सोडणार नाहीत, अशी मराठी टिपणे लिहिणे. ते कुणी केलेच नाही तर जागा रिकामी राहणार नाही, भाषांतरित उपदेश ती भरून काढील.

गाण्याची गोष्ट याहून नाजूक. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती भक्तीला अभंग दिले. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हातात धरून पेटी, ढोलकी आणि टाळांवर गाणारी मंडळी त्या परंपरेत वाढली. आता यूट्यूबवरच्या हिंदी गाण्यांचे तयार ट्रॅक लावले की वादकाची गरज उरत नाही, आणि ढोलकी वेदीमागच्या खोलीत जाते. याची दुसरी बाजूही आहे. म्हाताऱ्या गळ्यातली चाल नातवाने फोनवर ध्वनिमुद्रित केली तर ती टिकते. नुसत्या पुस्तकातून ती कधीच कळली नसती.

मंडळीचा प्रश्न 2020 मध्ये सगळ्या जगापुढे एकदम आला. करोनाच्या टाळेबंदीमुळे 12 एप्रिलच्या ईस्टरला चर्च बंद होती. बीडचे हजारो ऊसतोड कामगार त्या दिवशी कारखान्यांच्या आवारात अडकलेले होते, आणि घरी परतायची परवानगी त्याच महिन्यात पुढे मिळाली. त्या काळात पडद्यावरची मिस्सा आणि उपासना लोकांनी कृतज्ञतेने पाहिली. पण पाहणे आणि सामील होणे यांतला फरकही तेव्हाच लक्षात आला. पडद्यासमोर बसलेल्याला शेजारी कोण आहे, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी धान्य संपले आहे, हे कळत नाही. लहान मंडळीत हे कळणे हाच उपासनेचा अर्धा भाग असतो.

संस्कारांबाबत कॅथलिक चर्चने 2002 च्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले की इंटरनेटवर संस्कार नसतात. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी टाळेबंदीत घरोघरी भाकरी आणि द्राक्षरस मांडून प्रभुभोजन घेतले, त्यावर अजून वाद आहे. पाणी, भाकरी आणि माथ्यावर ठेवलेला हात यांना मात्र पर्याय निघालेला नाही. फडावर जन्मलेल्या लेकराचे नाव, फोटो आणि प्रार्थना त्याच रात्री गावच्या गटावर पोचतात. बाप्तिस्मा टोळी परतण्याची वाट पाहतो.