बाईचा कागद आणि हद्दपारीचा कायदा

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मघाशी फळ्यावर 'हद्दपारी' हा शब्द लिहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हे आसाम-बंगालचं. सोलापुरात आपल्याला काय त्याचं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ज्यांचं लग्नात नाव बदललं, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. आडनाव बदललेल्यांनीही करा. आता सगळ्याच आल्या. आता माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं असलेला एक तरी सरकारी कागद ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच हात वर ठेवा. सहा. त्यातल्या दोघी शिक्षिका आहेत, नोकरीसाठी त्यांना राजपत्रात नाव छापून घ्यावं लागलं होतं.

पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांचं आपण नेहमीच बघतो. तेलुगू पद्धतीनं घराण्याचं नाव आधी, आपल्या पद्धतीनं शेवटी. कारखान्याच्या कार्डावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. प्रॉव्हिडंट फंड अडकतो, आपण प्रतिज्ञापत्र करून देतो, काम भागतं. तिथं पैसा अडकतो. आज मी जे सांगणार आहे तिथं बाईच अडकते.

गेल्या वर्षीची गोष्ट. गावाचं आणि बाईचं नाव सांगत नाही. बंगाली बोलणारं, मालदा जिल्ह्यातलं गवंड्याचं कुटुंब. भाड्याच्या खोलीत राहणारं. पडताळणीसाठी नवरा-बायको दोघांना ठाण्यात नेलं. नवऱ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला होता, तो दुपारीच सुटला. बाई घरी जन्मलेली, शाळेची पायरी न चढलेली. तिच्याकडे आधार होतं, पण त्यावर नाव नवऱ्याचं. तिला ऐकवण्यात आलं, "हा कागद तू याची बायको आहेस एवढंच सांगतो. तू कुठली ते सांगत नाही." आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, तसाच प्रसंग असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, हे आम्ही शांतपणे पण तीनदा सांगितलं. त्या रात्री ती घरी आली. पुढचे दोन दिवस रोज सकाळी हजेरी. दीड वर्षाचं मूल शेजारणीकडे. तिसऱ्या दिवशी तिच्या भावानं मोबाइलवर दोन फोटो पाठवले. एक २००२ च्या मतदार यादीतलं वडिलांचं नाव, आणि दुसरा पंचायतीचा दाखला, की अमुक नावाची ही बाई याच माणसाची मुलगी. ते दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा ती भारतीय झाली. तोवर ती कोण होती, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आता कायदा. एरवी आरोप करणाऱ्यानं आरोप सिद्ध करायचा असतो. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात हे उलटं होतं: तू परकी आहेस असं सरकार म्हणालं, तर 'मी परकी नाही' हे तू सिद्ध कर. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५' लागू झाला. पासपोर्टाचा १९२० चा आणि परकीयांच्या नोंदणीचा १९३९ चा, असे आणखी जुने कायदेही त्यानं रद्द केले. वैध कागदांशिवाय देशात शिरलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुराव्याचं ओझं मात्र जिथं होतं तिथंच आहे. आणि अमेरिकेसारखी वेगळी इमिग्रेशन कोर्टं आपल्याकडे नाहीत. आसामात १९६४ च्या आदेशानं नेमलेली न्यायाधिकरणं आहेत. आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतो तो ठाण्यातला हवालदार.

बरं, सिद्ध काय करायचं? नागरिकत्व कायदा १९५५ चा. ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानंच नागरिक. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना आई-वडिलांपैकी एकाचं नागरिकत्व दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली, दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आज चाळिशीच्या आतल्या बाईनं आई-बापाचा कागद दाखवायचा. बाईच्या नागरिकत्वाची वाट माहेरावरून जाते, आणि तिच्या ट्रंकेतले सगळे कागद सासरचे असतात. (परदेशात जन्मलेल्या मुलाला तर १९९२ पर्यंत फक्त बापाकडूनच भारतीय नागरिकत्व मिळत असे. आईचं नागरिकत्व मोजायला कायद्याला सदतीस वर्षं लागली.)

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ठाण्यातल्या एकाचा जामीन फेटाळताना सांगितलं, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणून कुणी आपोआप नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीनं हे खरंच आहे. पण मग उरतो जन्माचा दाखला. त्याच वर्षी महाराष्ट्रात उशिरा नोंदवलेल्या जन्मांच्या दाखल्यांची चौकशी सुरू झाली आणि नायब तहसीलदारांनी दिलेले अनेक दाखले रद्द करायचे आदेश निघाले. खोटे दाखले निघाले असतील तर ते रद्द व्हावेत. पण उशिरा नोंद कुणाची होते? घरी बाळंत झालेल्या बाईच्या लेकीची. ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या पोरीची.

आसामात या सगळ्याची तालीम होऊन गेली. नागरिक नोंदणीच्या वेळी सुमारे ४८ लाख अर्जांना ग्रामपंचायत सचिवाचा दाखला जोडला होता. त्यातल्या बहुसंख्य विवाहित स्त्रिया. शाळा नाही, जन्मनोंद नाही, लग्न करून दुसऱ्या गावी गेलेल्या. माहेराशी जोडणारा तेवढा एकच धागा. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं तो दाखला बाद ठरवला. ५ डिसेंबर २०१७ ला रूपजान बेगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो परत ग्राह्य धरला. या दाखल्यानं नागरिकत्व सिद्ध होत नाही, पण बाई आणि तिचं माहेर यांचा दुवा सिद्ध होतो, मात्र पडताळणी करून घ्या. हा निकाल मी आपल्या चळवळीचा मानते, जरी आपण त्यात कुठे नव्हतो. तरीही ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली.

दुसरा निकाल जुलै २०२४ चा, तोही आसामातला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पुराव्याचं ओझं माणसावर आहे याचा अर्थ असा नाही की कुणाचंही दार ठोठवावं आणि तू परका म्हणावं. आधी सरकारकडे संशयाला काही आधार हवा. आणि नावाच्या स्पेलिंगमधला किरकोळ फरक म्हणजे पुरावा खोटा नव्हे. तीन कार्डांवर तीन नावं असलेल्या आपल्या विडीवालीसाठी हे वाक्य पाठ करून ठेवा.

आता गेल्या वर्षाकडे येते. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना कळवलं, संशयितांची पडताळणी तीस दिवसांत करा. जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपार ढकलले गेले, आणि भारतीय ठरल्यावर परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूमची एक गरोदर बाई, नवरा आणि आठ वर्षांच्या मुलासह बांगलादेशात पाठवली गेली. तिथं ती तुरुंगात पडली. तिच्या वडिलांनी कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. २६ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयानं ती हद्दपारी रद्द केली. तीस दिवसांची चौकशी बाजूला ठेवून दोन दिवसांत घाईनं माणसं बाहेर काढली, हा मुख्य आक्षेप. केंद्र सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरच्या सुरुवातीला मूळ प्रश्न खुला ठेवून, माणुसकीच्या भूमिकेतून तिला आणि मुलाला परत आणायचं सरकारनं मान्य केलं. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.

"पण खरंच बांगलादेशी असेल तर?" हा प्रश्न चहाच्या वेळी आला, तो टाळणार नाही. परक्या माणसाला बाहेर पाठवण्याचा सरकारचा अधिकार मोठा आहे, सर्वोच्च न्यायालयानं १९५५ सालीच तसं म्हटलंय. पण चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ साली त्याच न्यायालयानं सांगितलं, की जगण्याचा हक्क 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही.

मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर पहिली नोकरी केली ती एका निवारागृहात. तिथं एकोणीस वर्षांची मुलगी होती, खरोखरच बांगलादेशी, कामाच्या आमिषानं आणून विकलेली. १ मे २०१२ च्या केंद्राच्या सूचनेप्रमाणे अशा पीडितेवर परकीय कायद्याखाली खटला चालवायचा नसतो, दाखल असेल तर मागे घ्यायचा असतो. प्रत्यक्षात तिच्यावर गुन्हा नोंदलेला होता, आणि ती सूचना मला स्वतः छापून न्यावी लागली. मग तिचा पत्ता मुंबईतल्या बांगलादेशच्या उपउच्चायुक्तालयामार्फत तिच्या गावी गेला. आमच्याकडून उपजिल्ह्याचं नाव चुकीचं लिहिलं गेलं होतं, ते दुरुस्त होण्यात पाच महिने गेले. ती चूक माझ्या हस्ताक्षरातली होती. शेवटी प्रवासाचा परवाना आला आणि पेट्रापोलच्या सीमेवर तिला रीतसर सोपवलं. पाठवायचंच तर असं पाठवता येतं. पलीकडच्या देशानं 'ही आमची' म्हणावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

सोलापूरला हे नवं नाही. आपल्याकडची सेटलमेंट आठवा. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या आत माणसं कोंडून रोज हजेरी घेतली जायची, बाहेर जायला पास लागायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. ज्यांना सरकारनं असं मोजून ठेवलं, त्यांच्याच नाती-पणतींना आज विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात, आणि तोही वडिलांकडचा. नवऱ्याकडचा चालत नाही. या रांगेत आपण कितीदा उभ्या राहिलोय!

म्हणून कामाचं बोलते. विवाह नोंदणी उशिरा का होईना करून घ्या, त्यात लग्नापूर्वीचं नाव येतं. शाळेत एक वर्ष जरी गेली असेल तरी जनरल रजिस्टरचा उतारा काढा. वडिलांचं मतदार यादीतलं जुनं पान माहेरी कुणाला तरी शोधायला सांगा. मूळ कागद ठाण्यात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. ताब्यात घेतलं तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि बंगाली बोलणारी शेजारीण असेल, तर तिच्या भावाचा फोन नंबर आजच लिहून ठेवा, नंतर ती घाबरलेली असते.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आपण कागद बघायला बसणार आहोत. नोंदीची वही इथं टेबलावर आहे. पहिलं नाव मी माझंच लिहिलंय. बारा वर्षं झाली लग्नाला, नोंदणी केलेली नाही.