नवं डेस्कटॉप, आधी पाहुणं म्हणून

लिनक्सवर खिडक्या, मेन्यू, खालची पट्टी हे सारं सांभाळणाऱ्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. अशा संचांपैकी केडीईची सुरुवात १९९६ची, ग्नोमची १९९७ची. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकाला एक्सएफसीई मानवतं, आणि असा संगणक भंगारात जाण्यापासून वाचला की मला फार बरं वाटतं.

नवं डेस्कटॉप वापरून पाहण्याची सर्वांत निर्धोक वाट लाइव्ह पेनड्राइव्हची. उबुंटू या लिनक्स वितरणाची दोन भावंडं घ्या: कुबुंटूत केडीई, झुबुंटूत एक्सएफसीई. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा आणि इन्स्टॉल न करता नुसतं वापरून पाहायचं. वेग थोडा कमी वाटेल, पण हार्ड डिस्कवरची व्यवस्था जशीच्या तशी राहते. मात्र पेनड्राइव्ह तयार करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका!

आवडलं, तर मूळ डेस्कटॉप न काढता दुसरं शेजारी बसवता येतं. लॉगिनच्या पडद्यावर कोणतं हवं ते निवडायचं. खरी गुंतागुंत इथेच होते. दोन्हींच्या सेटिंग्ज तुमच्या होम फोल्डरमध्येच, लपलेल्या फाइलींत साठतात. मग कधी आयकॉन बदलतात, कधी रंगसंगती बिघडते. म्हणून प्रयोगासाठी वेगळं यूजर खातं उघडा. आणि त्याआधी टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टीमचा स्नॅपशॉट घ्या. तो मुळात सिस्टीमपुरताच असतो, तुमची कागदपत्रं त्यात येत नाहीत. ती वेगळ्या डिस्कवर स्वतः उतरवून ठेवा.