पाय रोवून उभे राहणारे अक्षर

चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर सूचनेचा कागद लागतो. लस टोचण्याची तारीख असते, अमुक विहिरीचे पाणी पिऊ नये असा इशारा असतो. मजकूर बरोबर असतो, पण वाटेने जाणाऱ्याला तो दिसतच नाही. मग तो कागद लावला काय आणि न लावला काय! म्हणून आज छपाईतल्या एका दणकट अक्षराची हकीगत तुम्हांला सांगणार आहे. इंग्रजीत त्याला 'स्लॅब सेरिफ' म्हणतात.

सेरिफ म्हणजे काय? इंग्रजी पुस्तकातले मोठ्या लिपीतले 'आय' पाहा. त्याच्या डोक्यावर आणि पायाशी एकेक बारीक आडवी रेघ असते. ती सेरिफ. पुस्तकी अक्षरात ही रेघ नाजूक असते. स्लॅब सेरिफमध्ये मात्र ती उभ्या दांड्याइतकीच जाड आणि चौकोनी असते; जणू अक्षराच्या पायाखाली फळीच घातली आहे. त्यामुळे ते अक्षर आखाड्यात पाय रोवून उभ्या राहिलेल्या पहिलवानासारखे दिसते.

हे अक्षर जन्मले लंडनमध्ये, जाहिरातींच्या गर्दीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या भिंती लॉटरीच्या, नाटकांच्या आणि मालाच्या पत्रकांनी भरून गेल्या होत्या. त्या वेळच्या अक्षरांत जाड रेघ फार जाड, तर बारीक रेघ केसासारखी असे. दुरून केसासारखी रेघ नाहीशी होई आणि अक्षर तुटके दिसे. १८१५ ते १८१७ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या खिळे पाडणाऱ्या कारागिराने सगळ्या रेघा जवळजवळ सारख्या जाडीच्या करून नवे वळण विक्रीस काढले. त्याने नाव दिले 'अँटिक'. पण लोकांत नाव रुळले 'इजिप्शियन'! नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीपासून युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते, एवढाच त्याचा संबंध. इजिप्तच्या लिपीशी त्याचे काही नाते नाही.

पुढे अक्षरे हातभर मोठी हवीत अशी मागणी आली. शिशाचा एवढा मोठा खिळा जड होतो, महाग पडतो आणि ओतताना सारखा थंड होत नाही. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने १८२७ साली लाकडातून अक्षरे कोरण्याचे यंत्र काढले आणि १८२८ मध्ये लाकडी खिळ्यांची यादी प्रसिद्ध केली. लाकूड हलके आणि स्वस्त, आणि जाड पायाचे अक्षर त्यात चांगले टिकते. बारीक रेघ असती तर दाबाखाली मोडली असती.

इथवर हे अक्षर भिंतीवरचे होते. ते पुस्तकात आणले १८४५ साली, लंडनच्या रॉबर्ट बेस्ली याने. 'क्लॅरेंडन' हे त्याचे नाव. त्याचे ठसे बेंजामिन फॉक्सने कोरले. ते ठळक होते, पण साध्या अक्षराच्या ओळीत शेजारी बसेल इतके आटोपशीर होते. शब्दकोशात शब्द ठळक आणि अर्थ साध्या अक्षरात, ही सोय आपल्याला आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे कुणाची अक्कल आहे हे ध्यानातही येत नाही! ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला. त्यातले मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्येच छापले आहेत.

टाइपरायटरलाही हेच वळण उपयोगी पडले. त्या यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळे. 'एम' रुंद आणि 'आय' सडसडीत. मग 'आय'च्या दोन्ही बाजूंना पोकळी राही. लांब सेरिफ दिल्या की ती भरून निघे. १९५० नंतरच्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आखलेले 'कुरियर' हे वळण याच जातीचे. टाइपरायटर गेले, पण ते संगणकात अजून आहे.

आता गुरुजींनो, यातून आपण काय घ्यावे? आपल्या देवनागरीला सेरिफ नाही, शिरोरेषा आहे. पण रेघांचा न्याय तोच. दुरून वाचायच्या पाटीवर बारीक रेघ ठेवू नका. मात्र जाड कुंचल्याने लिहिताना एक जपा. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत मोठा फरक शिरोरेषेतल्या फटीचा. कुंचला जाड झाला की फट बुजते आणि 'धर'चे 'घर' होते. म्हणून रेघ जाड करा, तशी पोटातली पोकळी आणि वरची फटही मोठी करा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. ठळक अक्षर म्हणजे दवंडीवाल्याचा आवाज. तो सांगण्याची बाब पुकारतो आणि थांबतो. दिवसभर ओरडत राहिला तर गाव कान देणार नाही. सबंध पान ठळक छापले तर काहीच ठळक राहत नाही. सूचनेत तारीख, ठिकाण आणि इशारा एवढेच ठळक लिहा. बाकीचे साधे असू द्या.

उद्या शाळेच्या फलकावर सूचना लिहाल तेव्हा वीस पावले मागे जा आणि वाचून पाहा. तिथून वाचता आली, तरच ती गावाला सांगितली असे समजा.